धूर निघून गेल्यावर उरणारा धोका : बुखारी, फायरप्लेस आणि धुराड्याची निगा

नवी दिल्ली : उत्तर भारतात कडाक्याची थंडी सुरू झाली की संध्याकाळी अनेक अंगणांत एकच दृश्य दिसते. लोखंडी शेगडीत कोळसे किंवा लाकडे पेटवली जातात आणि धूर सरेपर्यंत शेगडी बाहेरच ठेवली जाते. ज्वाळा बसून लालबुंद निखारे उरले, डोळ्यांना झोंबणारा धूर नाहीसा झाला, की ती आत आणून दारे-खिडक्या लावून घेतल्या जातात. धूर नाही म्हणजे धोका नाही, असा यामागचा पिढ्यान्‌पिढ्यांचा समज आहे. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. बंद खोलीत सर्वांत घातक ठरतो तो निखाऱ्यांचा हाच शांत टप्पा.

दिल्ली, पंजाब, उत्तर प्रदेश आणि बिहार या राज्यांतून दर हिवाळ्यात शेगडीमुळे गुदमरून झालेल्या मृत्यूंच्या बातम्या येतात. 5 जानेवारी 2025 रोजी श्रीनगरच्या पांद्रेठन भागात भाड्याच्या घरात राहणाऱ्या एकाच कुटुंबातील पाच जण मृतावस्थेत आढळले. त्यांत तीन मुले होती. गुदमरून हे मृत्यू झाल्याचे सांगण्यात आले. त्यापूर्वी, 21 जानेवारी 2020 रोजी नेपाळमधील दामन या थंड हवेच्या ठिकाणी केरळमधील आठ पर्यटक एका खोलीत बेशुद्ध सापडले आणि त्यांपैकी कोणीही वाचू शकले नाही. थंडी सहन न झाल्याने त्यांनी गॅस हीटर लावून खोली बंद करून घेतली होती. आठांपैकी चार लहान मुले होती. दोन्ही ठिकाणी आग भडकली नव्हती, काही जळाले नव्हते. खोलीतील हवा तेवढी बदलली होती.

आग आणि माणूस एका छपराखाली राहायचे असतील तर त्यांच्यामध्ये एक वाट असावी लागते. ती वाट म्हणजे धुराडे. काश्मीरमधील पत्र्याची बुखारी, किन्नौर आणि लाहौल-स्पीतीतील लोखंडी तंदूर, सिमला-मसुरीच्या जुन्या बंगल्यांतील विटांची फायरप्लेस किंवा महाबळेश्वर-पाचगणीच्या एखाद्या ब्रिटिशकालीन दिवाणखान्यातील दगडी कमान, या सर्वांचा आधार तोच आहे. काश्मिरी हमामात तर आग खोलीत येतच नाही. ती दगडी फरशीखाली पेटते आणि वर केवळ ऊब पोहोचते. शेगडीला मात्र धुराडे नाही. म्हणून शेगडी खोलीत कशी वापरावी या प्रश्नाचे सुरक्षित उत्तर एकच आहे : झोपण्याच्या खोलीत ती आणूच नये. पुढील विवेचन धुराडे असलेल्या आगीविषयी आहे. कारण धुराडे आहे म्हणून निश्चिंत राहणारी घरेही कमी नाहीत.

ओढ कशी निर्माण होते

मराठी भाषेत ‘चिमणी’ हा शब्द मोठा कष्टाळू आहे. पाखरू, रॉकेलचा छोटा दिवा, कारखान्याचा उंच मनोरा आणि अलीकडे स्वयंपाकघरातील ओट्यावरचे विजेचे यंत्र, इतक्या वस्तूंचा भार तो वाहतो. घराच्या धूरवाटेसाठी ‘धुराडे’ हा जुना शब्द अधिक नेमका आहे. धुराडे हे धूर जाण्यासाठी ठेवलेले भोक आहे असे मानले जाते. वास्तविक ते एक यंत्र आहे; त्याला पंखा नाही, वीज नाही, हलणारा भाग नाही, एवढेच.

आंघोळीचे पाणी तापवणारा तांब्याचा बंब ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे यंत्र परिचित आहे. बंबाच्या मधोमध उभी नळी असते. जळण टाकल्यावर आरंभी धूर खालूनच बाहेर येतो. नळी तापली की तो सरळ वर खेचला जातो आणि बंब घोंघावू लागतो. तापलेली हवा हलकी होऊन वर चढते आणि तिच्या जागी खालून थंड हवा ओढली जाते. ही ओढ नळीच्या उंचीवर आणि आतल्या-बाहेरच्या तापमानातील फरकावर अवलंबून असते.

या ओढीचे बळ किती नाजूक असते याची कल्पना आकड्यांवरून येते. बाहेर 0 अंश सेल्सियस तापमान आहे, धुराडे 6 मीटर उंच आहे आणि त्यातील वायू सरासरी 100 अंशांना तापले आहेत, असे धरले तर निर्माण होणारा दाबातील फरक साधारण 20 पास्कल भरतो. वातावरणाचा दाब सुमारे एक लाख पास्कल असतो. म्हणजे साऱ्या घराची सुरक्षितता वातावरणाच्या दाबाच्या पाच हजाराव्या भागावर उभी असते. मध्यरात्रीनंतर आग मंदावली आणि नळीतील तापमान 20 अंशांवर आले की हा फरक 5 पास्कलच्या आसपास घसरतो. त्या वेळी स्वयंपाकघरातील शोषक पंखा चालू असेल, वरच्या मजल्याची खिडकी उघडी असेल किंवा छपरावरून वाऱ्याचा झोत खाली येत असेल, तर धुराड्याची दिशा सहज उलटते आणि वर जाणारे वायू खोलीत उतरू लागतात.

पेटत्या आगीला हवा हवी असते आणि ती खोलीतूनच घेतली जाते. फटी असलेल्या जुन्या लाकडी घरांत ही हवा आपोआप मिळत असे. आता दुहेरी काचेच्या खिडक्या, रबरी पट्ट्या लावलेली दारे, प्लास्टिकच्या कापडाने झाकलेले झरोके यांमुळे घरे ऊबदार झाली, त्याचबरोबर हवाबंदही झाली. हवा आत येऊ शकत नसेल तर बाहेरही जाऊ शकत नाही. विस्तव पेटलेल्या खोलीत बाहेरच्या बाजूची एखादी खिडकी दोन-तीन बोटे उघडी ठेवावी, हा सल्ला थंडीत ऐकवत नाही हे खरे. पण धुराडे चालवण्याची ती किंमत आहे.

काजळीचे डांबर होते तेव्हा

धुराड्याचा दुसरा शत्रू आतूनच वाढतो. लाकूड पूर्ण जळत नाही तेव्हा त्यातील तेलकट, डांबरासारखी द्रव्ये धुराबरोबर वर जातात आणि नळीच्या थंड भागावर दवासारखी साचतात. या थराला क्रिओसोट म्हणतात. आरंभी तो भुरभुरीत काजळीसारखा असतो व ब्रशने निघतो. पुढे त्याचे चकचकीत, टणक पापुद्रे होतात, आणि अखेरीस काळ्या काचेसारखा घट्ट लेप बसतो जो साध्या ब्रशला दाद देत नाही. धुराड्यात साचलेला हा थर म्हणजे भिंतीला लिंपलेले इंधनच होय. एखाद्या रात्री मोठी ज्वाळा नळीत शिरली की ते पेटते. धुराड्यातील अशा आगीचे तापमान 1,000 अंश सेल्सियसच्या पुढे जाऊ शकते. त्यात विटांचा गिलावा तडकतो, पत्र्याची नळी लाल होऊन वाकते आणि लगतचे तुळई-वासे धुमसू लागतात.

हिमालयातील घरांची बांधणी ध्यानात घेतली तर याचे गांभीर्य अधिक कळते. हिमाचलमधील काठकुणी घरांत दगड आणि देवदाराचे ओंडके आलटून-पालटून रचलेले असतात. काश्मीरमधील धज्जी-देवारीत लाकडी चौकटींमध्ये विटा भरलेल्या असतात. भूकंपाला दाद न देणारी ही बांधणी ठिणगीला मात्र दाद देते. कुलू जिल्ह्यातील मलाणा या प्राचीन गावाचा मोठा भाग 2008 च्या जानेवारीत आगीत नष्ट झाला. एकमेकांना लागून असलेल्या लाकडी घरांत ठिणगी कोठूनही आली तरी ती एका घरापुरती राहत नाही.

क्रिओसोट साचण्याची कारणे दोन, आणि दोन्ही टाळता येण्यासारखी आहेत. पहिले ओले सरपण. नुकत्याच तोडलेल्या लाकडात निम्म्याच्या आसपास पाणी असू शकते. जाळण्याजोग्या लाकडातील ओलावा 20 टक्क्यांच्या खाली असावा, असा सर्वमान्य दंडक आहे. ओले लाकूड जळताना आगीची बरीच उष्णता पाणी उकळण्यात खर्च होते, नळी थंड राहते आणि डांबर साचते. फोडलेले लाकूड सहा महिने ते वर्षभर छपराखाली, पण बाजूंनी वारा लागेल असे रचून ठेवावे लागते. वाळलेल्या लाकडाच्या टोकांना तडे गेलेले असतात, ते हाताला हलके लागते, आणि दोन तुकडे एकमेकांवर आपटले की टणत्कार उमटतो. ओल्या लाकडाचा आवाज बद्द येतो. राळयुक्त चीडाच्या लाकडाला अनेकदा दोष दिला जातो, पण वाळलेले चीड हे ओल्या बांजापेक्षा धुराड्याला कमी त्रास देते. लाकडाच्या जातीहून त्यातील पाण्याचा हिशेब महत्त्वाचा. रंगवलेली फळी, प्लायवूड, दुधाच्या पिशव्या आणि घरातील कचरा यांना मात्र बुखारीत कधीच जागा नसावी.

दुसरे कारण सवयीचे आहे. रात्री झोपताना बुखारीत मोठा ओंडका टाकायचा आणि हवेची झडप जवळजवळ बंद करायची, म्हणजे विस्तव सकाळपर्यंत टिकतो. गृहिणीच्या दृष्टीने ही काटकसर आहे. पण कोंडलेली, धुमसती आग सर्वाधिक क्रिओसोट निर्माण करते, शिवाय कार्बन मोनॉक्साइडही. लहान, मोकळी, ज्वाळेने जळणारी आग धुराड्याला मानवते. झोपण्यापूर्वी ती विझू द्यावी आणि उरलेल्या रात्रीसाठी रजईवर विसंबावे.

धुराडे पेटल्याची खूण कानांना आधी कळते. जवळून आगगाडी जावी तसा गडगडाट नळीतून ऐकू येतो, छपरावर ठिणग्यांचे कारंजे उडते, बुखारीचा पाइप तांबडा दिसू लागतो. अशा वेळी हवेची झडप आणि बुखारीचे तोंड बंद करावे, घरातील सर्वांना बाहेर काढावे आणि 101 किंवा 112 क्रमांकावर अग्निशमन दलाला कळवावे. वरून पाणी ओतण्याचा मोह टाळावा. तापलेल्या विटा त्याने फुटतात आणि उसळणारी वाफ माणसाला भाजते. आग आपोआप विझली तरी जाणकाराने आतून तपासल्याशिवाय ते धुराडे पुन्हा वापरू नये. तडे बाहेरून दिसत नाहीत.

पुन्हा पेटणाऱ्या जुन्या फायरप्लेस

गेल्या काही वर्षांत डोंगराळ भागातील जुनी घरे मोठ्या प्रमाणावर होमस्टे झाली आहेत. फायरप्लेस ही त्यांच्या जाहिरातीतील आकर्षणाची वस्तू. अनेक ठिकाणी ती दशकानुदशके बंद होती. विजेचे हीटर आल्यावर तिच्यासमोर कपाट ठेवले गेले होते. पाहुण्यांसाठी कपाट हलवले जाते, कमानीला रंग दिला जातो आणि पहिल्या बर्फासह आग पेटवली जाते. छपरावर चढून कोणी पाहिलेले नसते.

मधल्या काळात धुराड्यात काय काय झालेले असते? वरची टोपी उडालेली असल्याने पावसाळ्याचे पाणी आत उतरलेले असते. महाबळेश्वरसारख्या ठिकाणी, जेथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तेथे जुन्या चुन्याच्या सांध्यांची माती होते. साळुंक्या आणि पारव्यांनी काटक्या रचलेल्या असतात, मधमाश्यांनी पोळे बांधलेले असते. कधी नूतनीकरणात छपराचा पत्रा बदलताना धुराड्याचे तोंडच झाकून टाकलेले असते. सांधे निखळलेल्या भिंतीतून वायू खालच्या खोलीऐवजी वरच्या मजल्यावरील शयनगृहात झिरपतो. आगीजवळ बसलेल्यांना काही जाणवत नाही आणि वर झोपलेल्यांना जाणवण्याची संधी मिळत नाही.

शिवाय, ब्रिटिश काळातील पुष्कळशा लहान फायरप्लेस दगडी कोळशासाठी घडवलेल्या होत्या. त्यांत मोठे ओंडके घातले की ज्वाळा आणि धूर त्या नळीला पेलत नाही. फायरप्लेसचे तोंड आणि नळी यांचे प्रमाण हा जुना, अभ्यासलेला विषय आहे. काउंट रमफर्ड या नावाने प्रसिद्ध असलेले भौतिकशास्त्रज्ञ बेंजामिन थॉम्पसन यांनी 1796 मध्ये लंडनच्या धुरकट दिवाणखान्यांवर उपाय सुचवला : कमान उथळ करा, बाजूच्या भिंती तिरप्या करा आणि धुराड्याचा गळा अरुंद करा. उष्णता खोलीत परतू लागली आणि धूर वर जाऊ लागला. तत्त्व अजूनही तेच आहे. तोंड मोठे आणि गळा लहान झाला की खोली धुराने भरते, मग आग कितीही लहान असो.

बंद पडलेली फायरप्लेस पुन्हा सुरू करण्यापूर्वी काही गोष्टी पाहाव्याच लागतात. दिवसा, आग नसताना, कमानीत आरसा तिरपा धरून वर पाहावे. सरळ नळी असेल तर आकाशाचा तुकडा दिसला पाहिजे. वळण असेल तर मोबाइलचा कॅमेरा किंवा नळ-दुरुस्तीवाले वापरतात तो तारेचा कॅमेरा आत सोडावा. झडप पूर्ण उघडते का, ती गंजून अर्ध्यात अडकली आहे का, हे हाताने पाहावे. धुराड्याचे तोंड छपरातून जेथे बाहेर येते त्यापासून किमान 3 फूट उंच आणि 10 फुटांच्या परिसरातील छपराच्या कोणत्याही भागापेक्षा 2 फूट उंच असावे, हा अमेरिकेत रूढ असलेला नियम भारतीय घरांनाही तितकाच लागू पडतो. त्याहून ठेंगणे धुराडे वाऱ्याच्या भोवऱ्यात सापडते. शेजारी नवा मजला चढला असेल तर काल चालणारे धुराडे आज उलटे वाहू शकते, हे घरमालकांच्या सहसा ध्यानात येत नाही.

कमानीसमोर निदान 16 इंच आणि दोन्ही बाजूंना 8 इंच दगडी किंवा विटांची फरशी हवी. गालिचा, पडदा, वेताची खुर्ची, सुकत घातलेले मोजे हे सारे 3 फूट दूर. समोर बारीक जाळी असावी, कारण राळेचे थेंब फुटून निखारा खोलीत उडतो. बुखारीचा एकेरी पत्र्याचा पाइप लाकडी भिंतीपासून किंवा छतापासून 18 इंच दूर राहावा आणि तो जेथे छपरातून जातो तेथे लाकूड त्याला टेकू नये. लाकूड रोज थोडे थोडे तापत गेले की वर्षानुवर्षांनी ते कमी तापमानालाही पेट घेऊ शकते. पाइपला कोपरे जितके कमी तितके चांगले आणि आडवा भागही किंचित चढता असावा. खाली झुकलेल्या आडव्या पाइपात काजळी साचते आणि ओढ मरते.

सफाई : केव्हा आणि कशी

एकोणिसाव्या शतकापर्यंत इंग्लंडमध्ये धुराडी साफ करण्यासाठी लहान मुलांना आत चढवले जात असे. सर्जन पर्सिव्हल पॉट यांनी 1775 मध्ये धुराडे साफ करणाऱ्यांच्या विशिष्ट कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला. व्यवसायामुळे होणाऱ्या कर्करोगाची ही पहिली नोंद मानली जाते. मुलांना धुराड्यात चढवण्याची प्रथा परिणामकारकपणे थांबली ती 1875 च्या कायद्याने. काजळी ही केवळ घाण नाही, ते विष आहे, हे त्या मुलांच्या शरीरांवर सिद्ध झाले. आजही ती झाडताना नाका-तोंडावर चांगला मास्क, हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवा.

धुराडे वर्षातून एकदा तपासावे आणि आतील थर सुमारे 3 मिलिमीटर झाला की ते साफ करावे, हे जगभर पाळले जाणारे प्रमाण आहे. हिवाळाभर रोज पेटणाऱ्या बुखारीला हंगामात एकापेक्षा अधिक वेळा सफाई लागते. विटांच्या नळीसाठी पोलादी तारांचा, तर स्टेनलेस स्टीलच्या नळीसाठी प्लास्टिकच्या काड्यांचा ब्रश वापरतात. ब्रशचा आकार नळीशी जुळला पाहिजे. काम सुरू करण्यापूर्वी आग पूर्ण थंड असावी आणि कमानीचे तोंड ओल्या चादरीने झाकावे, अन्यथा काजळी घरभर पसरते. झडपेमागे जो सपाट कट्टा असतो त्यावर पडलेला ढीग काढण्याचे राहून जाते आणि सारी मेहनत वाया जाते. बुखारीचे पाइप उतरवून अंगणात नेऊन झाडावेत. गंजून भोके पडलेला किंवा बोटाने दाबला जाणारा पाइप टेप लावून पुन्हा चढवू नये, बदलावा. बर्फ किंवा दव असलेल्या छपरावर चढण्यापेक्षा जाणत्या कारागिराला बोलावणे श्रेयस्कर.

आगीत मीठ किंवा बटाट्याच्या साली टाकल्या की धुराडे आपोआप साफ होते, असा एक समज आहे. रॉकेल ओतून काजळी मुद्दाम पेटवून देण्याचा प्रकारही काही ठिकाणी चालतो. पहिला उपाय ब्रशची जागा घेऊ शकत नाही आणि दुसरा म्हणजे जाणूनबुजून लावलेली धुराड्याची आग होय.

डोकेदुखी उंचीची की वायूची

निखाऱ्यांच्या ढिगात तळाशी कोळशाचा कार्बन डायऑक्साइड होतो. तो वर चढताना तापलेल्या कोळशातून जातो आणि तेथे त्याचे कार्बन मोनॉक्साइडमध्ये रूपांतर होते. वर ज्वाळा आणि पुरेशी हवा असेल तर हा वायू निळ्या ज्योतीने जळून जातो. निखाऱ्यांवर राख चढली, हवा कमी पडली, की तो न जळताच बाहेर पडतो. त्याला रंग, वास, चव नाही. धुरात मिसळलेला असताना निदान खोकला येऊन माणूस उठतो. नुसत्या निखाऱ्यांवर तोही इशारा मिळत नाही.

रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा या वायूला दोनशेहून अधिक पट घट्ट धरून ठेवते. हवेच्या दहा लाख भागांत त्याचे 400 भाग असले तर तासा-दोन तासांत डोके दुखू लागते. 1,600 भागांवर वीस मिनिटांत डोकेदुखी, चक्कर आणि मळमळ सुरू होते आणि तासाभरात मृत्यू ओढवू शकतो. झोपलेला माणूस या पायऱ्या न अनुभवताच शेवटच्या पायरीवर पोहोचतो. गर्भवती स्त्रिया, लहान मुले, हृदयरोगी आणि रक्तक्षय असलेले यांना धोका अधिक असतो.

पर्यटकांसाठी येथे एक फसवा योग जुळून येतो. लेह सुमारे 3,500 मीटर उंचीवर आहे. तेथील हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास दोन तृतीयांशच असतो. मुंबई-पुण्याहून विमानाने थेट तेथे उतरलेल्या माणसाला पहिल्या रात्री डोकेदुखी, मळमळ, थकवा आणि चक्कर येणे अपेक्षितच असते. कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेची लक्षणेही अगदी हीच. ‘उंची लागली’ असे समजून खोली आणखी बंद केली जाते, बुखारीत आणखी लाकूड घातले जाते आणि रुग्णाला रजई पांघरून निजवले जाते. फरक ओळखण्याची काही साधी चिन्हे आहेत. एकाच खोलीतील सर्वांना एकाच वेळी त्रास होणे, मोकळ्या हवेत गेल्यावर थोड्या वेळात बरे वाटणे, आणि आग पेटवल्यावरच त्रास सुरू होणे ही वायूकडे बोट दाखवतात.

कोविडकाळात घरोघरी पोहोचलेला ऑक्सिमीटर येथे उपयोगी पडत नाही, उलट दिशाभूल करतो. बोटाला लावण्याच्या साध्या यंत्राला प्राणवायू धरलेले आणि कार्बन मोनॉक्साइड धरलेले हिमोग्लोबिन वेगळे ओळखता येत नाही. त्यामुळे रक्त विषारी होत असतानाही पडद्यावर समाधानकारक आकडा दिसू शकतो. संशय येताच दारे-खिडक्या उघडून सर्वांना बाहेर आणावे, आग विझवण्यात वेळ न दवडता 108 किंवा 112 वर मदत मागावी आणि डॉक्टरांना खोलीत बुखारी किंवा हीटर असल्याचे आवर्जून सांगावे. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा होण्यास चार-पाच तास लागतात. मास्कद्वारे शुद्ध प्राणवायू दिला तर साधारण दीड तास पुरतो.

कार्बन मोनॉक्साइड ओळखून आवाज करणारे छोटे यंत्र परदेशांत घरोघरी दिसते, भारतात अजून क्वचितच. धूर ओळखणारे यंत्र त्याची जागा घेऊ शकत नाही. ते झोपण्याच्या खोलीत, चुलीच्या अगदी वर किंवा खिडकीच्या झोतात नव्हे, तर झोपणाऱ्याच्या श्वासाच्या उंचीच्या आसपास लावावे. हा वायू हवेहून किंचित हलका असला तरी खोलीभर मिसळतो. तो केवळ छताशी किंवा केवळ जमिनीशी साचत नाही. यंत्रातील संवेदक काही वर्षांनी निकामी होतो, म्हणून मागे छापलेली मुदत पाहावी. बॅटरीवर चालणारे असे यंत्र प्रवासाच्या बॅगेत मावते. महाराष्ट्रातील शहरांत ज्यांना बुखारी कधी दिसणारही नाही, त्यांच्याही घरी ते व्यर्थ नाही. बंद न्हाणीघरातील धूरवाट नसलेला गॅस गीझर हाच वायू सोडतो, आणि मुंबई, पुणे, नाशिक येथे त्याने बळी घेतले आहेत.

धूर घराबाहेर नेण्याचा विचार महाराष्ट्राला नवा नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाच्या कार्यकर्त्यांनी विकसित केलेली मगन चूल ही धुराड्याची चूल होती; स्वयंपाकघरात धुराने डोळे गमावणाऱ्या स्त्रियांसाठी ती घडवली गेली. अशा सुधारित चुलींचा पुढचा अनुभव बोलका आहे. चूल चांगली असे, पण धुराडे झाडायला कोणी नसे; काही महिन्यांत नळी बुजे, धूर पुन्हा आत येई आणि चूल मोडून तीन दगड मांडले जात.

राखेकडे मात्र शेवटपर्यंत कोणी लक्ष देत नाही. वरून थंड वाटणाऱ्या राखेत निखारा दोन-चार दिवसही जिवंत राहू शकतो. राख कागदी पुड्यात, गोणीत किंवा प्लास्टिकच्या बादलीत भरून लाकडी सज्जात ठेवणे हे आगीला आमंत्रण आहे. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरून, घरापासून दूर, मातीवर किंवा दगडावर तो डबा ठेवावा. निखारे पूर्ण थंड होईपर्यंत फायरप्लेसची झडपही बंद करू नये. उबदार हवा वाया जाते म्हणून रात्री लवकर ओढलेली झडप वायूची वाट अडवते.

काश्मीर खोऱ्यात 21 डिसेंबरला सुरू होणारा चाळीस दिवसांचा चिल्ला-ए-कलां सरतो, पुढची थंडीही ओसरते आणि वसंतात बुखाऱ्या उतरवून माळ्यावर ठेवल्या जातात. पुष्कळ घरांत त्या काजळीसकट ठेवल्या जातात आणि सफाई पुढच्या नोव्हेंबरवर ढकलली जाते. पावसाळी दमट हवेत काजळी ओलावा शोषते, त्यातून तयार होणारे आम्ल उन्हाळा-पावसाळ्याच्या महिन्यांत पत्रा खात राहते आणि नोव्हेंबरमध्ये जोडलेल्या पाइपाला पहिल्याच रात्री भोक दिसते. पाइप झाडण्याचा योग्य महिना आग विझल्यानंतरचा, एप्रिल.